अर्धा कोयता

चांगुणाबाईचा डावा गुडघा आधी रुसला. उजव्यानं वर्षभर त्याचं ओझं स्वतःवर घेतलं, आणि मग एका श्रावणात तोही म्हणाला, आता माझ्याच्यानं होत नाही. तिचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. तिथं सपाट रस्ता म्हणून नाहीच. विहिरीवर जायचं तर उतार, परत यायचं तर चढ, आणि किराणा दुकानापर्यंत जायचं म्हटलं तर दोन्ही. चांगुणाबाई उंबऱ्यावर बसून राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ऐकवायची, "देवानं गुडघं दिलं, पर त्यात तेल घालायला भोक ठेवलं न्हाई बघ."

वय साठीच्या पुढचं. नेमकं विचारलं तर म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळात मी परकरात हुते, आता तुमीच काय ते धरा. हयात सगळी ऊसतोडीत गेलेली. नवरा आसाराम बरोबर होता तोवर तिनं एकही हंगाम चुकवला नाही. लेक बिभीषणचा जन्मसुद्धा उसाच्या फडाच्या बांधावरचा.

बिभीषणनं तिला जीपमध्ये घातलं आणि पाथर्डीला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला आणि सांगितलं की दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात, बदलाव्या लागतील. सरकारी योजनेत बसवू, ऑपरेशनला पैसा लागणार नाही. बिभीषणचा चेहरा खुलला. मग डॉक्टर पुढचं बोलला. आधी तपासण्या, त्या बाहेरून करायच्या. नगरला चार-दोन फेऱ्या. ऑपरेशन झाल्यावर दीड-दोन महिने घरात एक माणूस फक्त हिच्यासाठी लागेल, उठवायला, बसवायला, व्यायाम करून घ्यायला. ते ऐकल्यावर बिभीषण खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत बसला. फुकटच्या ऑपरेशनला जे लागत होतं तेच नेमकं त्याच्या घरात नव्हतं. रिकामं माणूस नव्हतं.

ऊसतोडीच्या घरात ते नसतंच. दसरा झाला की त्या बाजूची गावंच्या गावं ट्रॅक्टरात चढतात आणि उन्हाळ्यात परत येतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री. ह्यात कोण कोणाला व्यायाम करून घेणार?

शिवाय दवाखान्याचं नावसुद्धा चांगुणाबाईला नको असायचं. आसारामला नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवला होता. बैलजोडी विकली, गळ्यातलं विकलं, आणि शेवटी घरी आणला तो चादरीत गुंडाळून. काचेच्या दाराबाहेर बसून काढलेले ते दिवस ती विसरली नव्हती. "मला मरायचंच आसंल तर मी फुकट मरंल," ती म्हणायची. ऐकणारे हसायचे, पण ती विनोद करत नसायची.

अशा माणसाला पुडीवाला भेटायला कितीसा वेळ लागतो? बाजाराच्या दिवशी लिंबाखाली तो मोटारसायकल लावून बसायचा. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात माळ, समोर काचेच्या बरण्या आणि बरण्यांत वाकड्यातिकड्या मुळ्या. त्या मुळ्या वर्षानुवर्षं त्याच असाव्यात असं माझं मत आहे. तो गिऱ्हाइकाला हात लावून विचारपूस करायचा, आजी म्हणायचा, आणि डॉक्टरसारखी फोटोची भानगड सांगायचा नाही. "शंभर टक्के झाडपाला. गुण आला न्हाई तर पैसे परत." कागदाच्या घड्यांत बांधलेली तपकिरी भुकटी. सकाळी एक, पाण्याबरोबर. महिन्याच्या पुड्यांना जेवढं पडायचं तेवढ्यात डॉक्टरचा एक फोटोसुद्धा निघाला नसता.

आणि गुण आला! तिसऱ्या-चौथ्या दिवशी चांगुणाबाई भिंतीला न धरता उठली. आठवड्यानं विहिरीवर गेली. भूक अशी लागायला लागली की सुनेनं भाकरी थापताना हात आखडता घेतला तर ही परातीकडं बघत बसायची. चेहरा भरला, गाल वर आले, कातडी चकाकायला लागली. गाव म्हणालं, म्हातारीनं बाळसं धरलं. चांगुणाबाई लाजून पदर तोंडाला लावायची. त्या गोल चेहऱ्याचं कौतुक अख्ख्या गावानं केलं, आणि त्यातल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसावं तरी कसं? म्हातारं माणूस भाकरी खातंय, चालतंय, हसतंय. ह्याहून बरं असणं काय वेगळं असतं?

नवरात्रात ती मोहटादेवीचा गड चढली. पायऱ्यांवर तरण्या बाया धापा टाकत कठड्याला टेकल्या होत्या आणि चांगुणाबाई हातात नारळ घेऊन त्यांच्या अंगावरून वर. वर जाऊन देवीपुढं माथा टेकला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. पुडीचं श्रेय तिनं निम्मं देवीला दिलं आणि उरलेलं स्वतःच्या हाडांना. चूक झाली ती इथं. पुडीची ताकद तिनं आपली धरली.

त्याच पायऱ्यांवर तिला मुकादम बजरंगनं पाहिलं. टोळी जमवण्याचे दिवस होते. बजरंग नात्यातलाच, तिला काकू म्हणायचा. "काकू, तुमी तर पुन्यांदा तरन्या झाल्या की वं," तो म्हणाला आणि बिभीषणकडं बघून हसला. बिभीषण हसला नाही. त्याच्या डोक्यात दुसराच घोर होता.

मुकादमाच्या हिशेबात कोयता म्हणजे अवजार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, मग दोघं मिळून त्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवतात. एकटा आला तर तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कोणी दारात उभं करत नाही. आणि बिभीषणची रुपाली त्या वर्षी पोटुशी होती. आदल्या हंगामातही होती. सहाव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना तिचा पाय घसरला, आणि जे व्हायचं ते झालं. तिथंच उसाच्या पाचटावर, नातीला सांभाळायला बरोबर आलेल्या चांगुणाबाईच्या हातांवर. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा मोळ्या बांधत होती, कारण मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेतलेली होती आणि कोयता अर्धा चालत नव्हता. ह्या वेळी डॉक्टरनं बजावलं होतं, वजन उचलायचं नाही. रुपाली काही बोलली नव्हती. फक्त दसरा जवळ येईल तशी तिची भाकरी कमी होत चालली होती.

गडावरून घरी आल्यावर चांगुणाबाईनं ते बघितलं. ताटातली भाकरी तशीच, सून चुलीकडं तोंड करून बसलेली, नात सृष्टी पाटी-दप्तर मांडून बसलेली आणि बिभीषण दारात विडी न पेटवता हातात धरून.

"येवढं काय सुतक पडल्यागत बसलाय?" ती म्हणाली. "मी हाय की. मी जाते तुझ्यासंग. हिला ऱ्हाऊ दे घरी. पोरगीची शाळा बी बुडायची न्हाई."

"माय, तुझं गुडघं..."

"गुडघ्याचं काय इचारतो? गड चढून आले आत्ता! तू चढला का?"

रुपालीनं मागं वळून बघितलं. मग उठून आली आणि सासूच्या पायावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. चांगुणाबाईला त्या दिवशी जे सुख झालं तसं तिला आसाराम गेल्यापासून कधी झालं नव्हतं. घरातलं अडगळीत पडलेलं माणूस पुन्हा कामाचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी बिभीषणनं बजरंगकडून उचल घेतली, मायलेकांचा कोयता नोंदला गेला, आणि चांगुणाबाईनं बाजारात जाऊन पुडीवाल्याकडून पिशवीभर पुड्या बांधून घेतल्या.

टोळी गेली ती लांब नाही, जिल्ह्यातच, वर प्रवरेच्या कालव्याच्या पट्ट्यात. एकच जिल्हा, पण पाथर्डीच्या माणसाला तिकडं गेलं की परमुलखात आल्यासारखं होतं. हिकडं हंडाभर पाण्याला भांडणं, तिकडं पाटाच्या पाण्यानं रस्ते ओले. कालव्याच्या कडेला त्यांनी कोप्या बांधल्या, बांबू आणि पाचटाच्या, आणि साखर कारखान्याचा भोंगा वाजायला लागला.

पहिले दोन महिने चांगुणाबाईनं सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावलं. पहाटे उठून भाकरी टाकायची, पुडी घ्यायची, डोक्याला चुंबळ बांधायची आणि फडात. तिच्या मोळ्या अशा आवळलेल्या असत की फेकली तरी ऊस निसटायचा नाही. बजरंग इतर बायांना तिचं उदाहरण द्यायचा, आणि त्या बाया मनातल्या मनात तिला शिव्या द्यायच्या. रोज संध्याकाळी बिभीषणच्या मोबाईलवरून रुपालीला फोन. पोट वाढतंय, बाळ लाथा मारतंय, सृष्टीचा पाढा पाठ झालाय. चांगुणाबाई फोन ठेवून झोपायची आणि मेल्यासारखी झोपायची.

मग एका सकाळी गुडघा पुन्हा बोलला. तिनं एकाऐवजी दोन पुड्या घेतल्या. तो गप्प झाला. पौषात उसाचा बुडखा नडगीला लागला, बोटभर जखम. असल्या जखमा तोडणीवाल्या बाईला म्हणजे डास चावल्यासारख्या. हळद दाबली, फडकं बांधलं. पण संक्रांत झाली तरी जखम तशीच, उलट कडेनं काळी पडलेली. दंडावर नुसतं बोट लागलं तरी निळा डाग उठायचा. मानेमागं मांसाचा गोळा आला होता. तहान अशी की तांब्या संपायचा आणि जीभ कोरडी ती कोरडीच. चांगुणाबाई पदर मानेवरून ओढून घ्यायची आणि बिभीषणपुढं जास्त वेळ बसायची नाही.

एका दुपारी कालव्यावर सरकारी दवाखान्याची गाडी आली, तोडणी कामगारांच्या तपासणीला. बाया रांगेत बसल्या. डॉक्टरीणबाई वयानं अशी की बिभीषणची धाकटी बहीण शोभावी. तिनं चांगुणाबाईच्या चेहऱ्याकडं पाहिलं, दंडावरचे डाग पाहिले, आणि नाव-गाव विचारायच्या आधीच म्हणाली, "आजी, गुडघ्यासाठी पुड्या कधीपासून घेताय?"

चांगुणाबाई चपापली. हात न बघता भविष्य सांगावं तशी ही पोर बोलत होती. बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. यंत्रावरचा आकडा पाहून डॉक्टरीणबाईनं तिला गाडीच्या आडोशाला नेलं.

"साखर फार वाढलीय. बीपी वाढलंय. हे सगळं त्या पुडीनं. आजी, त्यात झाडपाला नावापुरता असतो. आत स्टिरॉइड मिसळतात. त्यानं दुखणं थांबतं आणि हाडं आतून पोखरतात. ती पुडी आता घेऊ नका."

"बरं. सोडते."

"थांबा. एकदम सोडायचीही नाही." डॉक्टरीणबाई खाली बसली, तिच्या बरोबरीनं, मातीतच. "शरीराला जी ताकद लागते ती तुमचं शरीर स्वतः तयार करत होतं. ह्या पुडीनं ते काम बंद पाडलंय. आता एका दिवसात सोडलीत तर जागेवर कोसळाल, जीवसुद्धा जाऊ शकतो. दवाखान्यात भरती व्हायचं, आमच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. औषध फुकट आहे, राहणं फुकट आहे. मुलाला घेऊन या, मी त्याच्याशी बोलते."

चांगुणाबाईनं दंडावरचे डाग पदराखाली घेतले. "घ्यायची बी न्हाई आन सोडायची बी न्हाई. मंग करू काय, डॉक्टरीणबाई? हुंगत बसू?"

डॉक्टरीणबाईला हसू आलं, पण तिनं म्हातारीचा हात घट्ट धरला. "किती दिवस भरती ऱ्हायचं?" चांगुणाबाईनं विचारलं. "दहा-बारा दिवस तरी. आणि नंतर काही महिने काम नाही, वजन नाही." चांगुणाबाईनं मान डोलावली. फुकट हा शब्द तिनं दुसऱ्यांदा ऐकला होता. पहिल्यांदा पाथर्डीत ऐकला, गुडघ्याच्या वेळी. सरकार औषध फुकट देतं, खाट फुकट देतं, सगळं देतं. फक्त तिच्या जागी मोळ्या बांधायला माणूस देत नाही. आणि तिची जागा रिकामी झाली की तिथं कोण येणार हे तिला डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. रुपाली येणार. आठवा लागायला आलेलं पोट घेऊन येणार, कारण चकार शब्द न काढता निघून येणारी बाई होती ती.

"पोराला घिऊन येते उद्या," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईनं दिलेल्या साखर कमी करायच्या गोळ्या पदरात बांधल्या आणि कोपीवर आली.

"काय म्हनली डॉक्टरीण?" बिभीषणनं विचारलं.

"काय न्हाई. रगात कमी हाय म्हनली. गूळ-शेंगदाने खा म्हनली."

खोटं बोलताना माणसानं जरा पुढचा विचार करावा. बिभीषण आईवेडा. दुसऱ्याच दिवशी जवळच्या गुऱ्हाळातून त्यानं ताज्या गुळाची ढेप आणली आणि रोज संध्याकाळी स्वतः फोडून मोठा खडा तिच्या हातावर ठेवायला लागला. समोर बसून. "खा, माय. रगात भरंल." चांगुणाबाई खायची. खडा गालात धरून ती बाहेर जायची आणि कालव्याच्या कडेला थुंकायची, पण निम्मा तोवर विरघळलेला असायचा.

तिनं आपल्या परीनं डॉक्टरकी केली. दोन पुड्यांची एक केली. मग अर्धी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना. अंगातलं सगळं पाणी कुणी उपसून नेल्यासारखं झालं, ओकारी झाली, हाताची मूठ वळेना. बिभीषण त्या दिवशी एकटाच फडात गेला. तोडायचा, बांधायचा, उचलायचा, आणि ट्रॉली अर्धी भरून राहिली. संध्याकाळी बजरंग कोपीशी आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यामागं कारखान्याचा शेतकी अधिकारी होता, आणि अधिकाऱ्यामागं आणखी कोणी.

"काकू, आराम करा तुमी," तो म्हणाला. मग बिभीषणला बाजूला घेऊन, पण पाचटाच्या भिंतीतून सगळं ऐकू येईल इतक्या जवळ, "रुपालीला बोलीव. उचलायचं न्हाई, नुसती मोळ्या बांधायला बशीव. ट्रॉल्या अर्ध्या जायला लागल्या तर मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

"सकाळच्याला बघू," बिभीषण म्हणाला.

चांगुणाबाईनं अंधारात पुड्यांचं गाठोडं चाचपलं आणि दोन पुड्या काढून घेतल्या. सकाळी ती चुंबळ बांधून सगळ्यांच्या आधी फडात उभी होती. पण गाठोडं आता सपाट झालं होतं. कालव्याच्या गावात तो पुडीवाला नव्हता. दुपारच्या भाकरीच्या वेळी तिनं बिभीषणचा फोन घेतला आणि रुपालीला लावला. बाजारात जा, लिंबाखालच्या बाबाकडून पुड्या घे, गावची जीप हिकडं येतीय तिच्यात ठेव.

"आत्या, तुमाला तरास हाय का काय?"

"कसला तरास? झाडपाल्याची हाय गं ती. त्यात वंगाळ कायबी नसतं. लेकराला चाटवली तरी चालंल."

हे शेवटचं वाक्य ती कशाला बोलली कोण जाणे. सुनेला घोर लागू नये म्हणून बोलली. बोलून गेली.

चार दिवसांनी जीप आली. पुड्यांचं पुडकं फडक्यात नीट बांधलेलं, वर रुपालीनं केलेल्या शेंगांच्या चटणीची पिशवी. संध्याकाळी कोपीपुढं बिभीषण कानशीनं कोयत्याला धार लावत होता. चांगुणाबाईनं फोन लावला आणि दोघांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"पोचलं गं पुडकं. चटनी बी पोचली."

"त्यात थोड्या कमी असत्याल, आत्या," रुपाली म्हणाली. तिचा आवाज हसरा होता. "मी ठिवून घेतल्या. माझी कंबर लई धरली हुती, उठता-बसता येईना. मंग तुमीच म्हनल्या ना, लेकराला बी चालती म्हनून. घेतली येक. काय सांगू, दोन दिसांत कंबर मोकळी! आता रोज सकाळी घेते. भूक बी लागती. पोर बी पोटात लई उड्या मारतंय बघा."

चांगुणाबाईच्या हातातला फोन मांडीवर आला. पुन्हा तोंडापुढं आला.

"आत्या? हाय का?"

आता पुढं दोनच रस्ते होते आणि दोन्ही तिला दिसत होते. गप्प बसली तर ते विष पोटातल्या जिवापर्यंत जात राहणार. बोलली तर हंगामभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडणार, आणि रुपाली इकडं यायला कपड्याचं गाठोडं बांधणार. रुपालीच्या पोटातल्या ज्या पोरासाठी ती ह्या सापळ्यात शिरली होती, त्या पोरालाच तिनं आत ओढलं होतं. स्वतःच्या तोंडानं. चांगुणाबाईला त्या क्षणी स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली.

"रुपाली, नीट ऐक," ती म्हणाली. "ती पुडी खोटी हाय. त्यात दवाखान्याचं जालीम औषिद मिसळत्यात. डॉक्टरीणबाईनं मला सांगितलंय. उद्याच्याला गावच्या आशाताईला संगं घे, सरकारी दवाखान्यात जा, पुडी हातात घिऊन जा, त्यांना दाखीव. त्या म्हनतील तसं कर. लपवू नको काय."

कानशीचा आवाज थांबला होता. बिभीषण कोयता मांडीवर ठेवून बघत होता.

 मग रुपालीनं विचारलं, "कवा सांगितलं डॉक्टरीणबाईनं?"

"झालं मागं."

"मंग तुमी कशापायी घेता?"

 उत्तर रुपालीला न सांगताच सापडलं. तिचा आवाज बदलला. "मी येते, आत्या. उद्याच येते. तुमी घरी या. मोळ्या बांधायच्याच हायत ना नुसत्या, बसून बांधीन."

"येऊन तर बघ!" चांगुणाबाई ओरडली. "गेल्या साली पाचटावर काय झालं इसरली का? ह्याच हातानं मी ते फडक्यात..." 

बिभीषणनं तिच्या हातातून फोन घेतला. "तू येऊ नको," तो बायकोला म्हणाला. "उद्या दवाखान्यात जा." आणि फोन बंद केला. एवढंच. मायला घरी पाठवतो, असं तो म्हणाला नाही. म्हणण्यासाठी तोंड उघडलं होतं त्यानं, चांगुणाबाईनं पाहिलं. पण त्या वाक्याच्या पुढं रुपाली उभी होती, आणि तिच्यामागं फळी आणि ट्रॉली.

कोयता खाली ठेवत तो म्हणाला, "मंग त्यो गूळ?"

"शुगर हाय मला."

बिभीषण उठला. उरलेली ढेप उचलून शेजारच्या कोपीतल्या पोरांना देऊन आला. परत आला आणि आईकडं पाठ करून कोयत्याला धार लावत बसला. धार कधीच लागली होती, तरी लावत बसला.

सकाळी रिकामी ट्रॉली लवकर आली. ट्रॅक्टरवाला फडाच्या तोंडाशी भोंगा वाजवत होता. चांगुणाबाई कोपीत बसली होती, पुडकं समोर उघडलेलं. दोन पुड्या काढून तिनं मांडीवर ठेवल्या होत्या आणि पाण्यासाठी उठायला दोनदा हात टेकून पाहिला होता, पण पाय अजून तिचे झाले नव्हते.

बिभीषण दारात आला. तिनं पुड्या पदराखाली घ्यायला हात नेला आणि मग नेलाच नाही. आता लपवायचं कशाला?

"डॉक्टरीणबाईच म्हनली," ती हळूच म्हणाली, "येकदम सोडायची न्हाई. सोडली तर जीव जातो."

"व्हय," बिभीषण म्हणाला.

डॉक्टरीणबाईनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या, घ्यायची नाही आणि एकदम सोडायची नाही. त्यातली एकच त्यांना परवडत होती. त्यानं माठातून तांब्या भरला, तिच्यापुढं उकिडवा बसला आणि तिच्या मांडीवरची पुडी घेऊन स्वतः तिचा कागद उलगडला. भुकटी तिच्या तळहातावर ओतली. घडीत थोडी चिकटून राहिली होती. ती त्यानं नखानं टिचकी मारून खाली पाडली, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि तिच्याकडं न बघता तांब्या पुढं केला.